चार तास पोलीस का हलले नाहीत, आणि पुढे कोणाचं काय झालं?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: ‘माझी मुलगी कॅलिफोर्नियात एमएस करते आहे. 2024 च्या एप्रिलअखेरीस लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या छावणीवर जमावाने हल्ला केला आणि पोलिसांनी कित्येक तास बघ्याची भूमिका घेतली, असं वाचलं. असं होतंच कसं? हल्लेखोरांना शिक्षा झाली का? आणि उद्या माझी मुलगी अशा छावणीत जाऊन बसली, तर तिने काय जपावं?’

मी वीसेक वर्षं कॅलिफोर्नियात नागरी हक्कांचे दावे चालवते. निदर्शनांत जखमी झालेल्यांच्या वतीने पोलिसांविरुद्ध लढवलेले दावे त्यात बरेच आहेत. यूसीएलएच्या प्रकरणात मी कोणाचीच वकील नाही, त्यामुळे जे जाहीर नोंदींत आणि चौकशी अहवालात आलं आहे, त्यावरूनच लिहिते. तुमच्या प्रश्नातला शेवटचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. पण त्याचं उत्तर त्या रात्रीच्या घटनाक्रमातच दडलेलं आहे, म्हणून आधी ती रात्र.

25 एप्रिल 2024 ला पहाटे विद्यार्थ्यांनी रॉइस हॉल आणि पॉवेल लायब्ररी यांच्यामधल्या हिरवळीवर तंबू ठोकले. गाझातल्या युद्धाशी संबंध असलेल्या कंपन्यांमधून विद्यापीठाने आपली गुंतवणूक काढून घ्यावी, ही त्यांची मुख्य मागणी. 28 तारखेला, रविवारी, इस्रायलच्या समर्थकांनी शेजारीच मोठी सभा घेतली. दोन्ही गटांमधले अडथळे तुटले आणि ढकलाढकली झाली. सभा संपली, पण तिथे उभारलेला भलामोठा पडदा तसाच राहिला. त्यावर 7 ऑक्टोबरच्या हमासच्या हल्ल्याची दृश्यं पुन्हा पुन्हा दाखवली जात होती, आवाज इतका मोठा की छावणीत झोप लागणं अशक्य. हे मुद्दाम सांगते, कारण ‘हल्ला अचानक झाला’ हे वाक्य नंतर फार ऐकू आलं. दोन दिवस आणि दोन रात्री धोका समोर उभा होता, तोही विद्यापीठाच्या मुख्य इमारतींच्या मधोमध.

30 एप्रिलच्या संध्याकाळी विद्यापीठाने छावणी बेकायदा असल्याचं जाहीर केलं. थांबणाऱ्या विद्यार्थ्यांवर निलंबन किंवा हकालपट्टीपर्यंतची कारवाई होऊ शकते, असं बजावलं. त्यानंतर काही तासांत, रात्री अकराच्या सुमारास, जमाव चालून आला. बऱ्याच जणांनी तोंडं झाकलेली होती. त्यांनी लोखंडी अडथळे ओढून काढले, कुंपणाच्या प्लायवुडच्या फळ्या उचकटल्या, काठ्या आणि नळ्या चालवल्या, डोळ्यांत जळजळीत फवारे मारले आणि पेटते फटाके तंबूंच्या दिशेने फेकले. विद्यापीठाने नेमलेले खासगी सुरक्षारक्षक मागे सरले. कॅम्पसचे स्वतःचे पोलीस संख्येने इतके थोडे होते की त्यांच्याने जमाव आवरला नाही. लॉस एंजेलिस शहराचे पोलीस आणि राज्याचे हायवे पेट्रोल मोठ्या संख्येने पोहोचले ते मध्यरात्र उलटून गेल्यावर, पावणेदोनच्या सुमारास. आल्यावरही ते दोन्ही गटांच्या मध्ये जाऊन उभे राहीपर्यंत पहाटेचे तीन वाजून गेले. ‘डेली ब्रुइन’ या विद्यार्थी वर्तमानपत्राच्या चार वार्ताहरांनाही त्याच पहाटे मारहाण झाली. त्यातल्या एकीला रुग्णालयात न्यावं लागलं.

त्या रात्री अटक झालेल्यांची संख्या शून्य. हल्ला करणारे चालत निघून गेले.

आता पुढची रात्र बघा. 2 मेच्या पहाटे त्याच हिरवळीवर शेकडो पोलीस पूर्ण तयारीनिशी आले, डोळे दिपवणारे आवाजी गोळे फोडले, रबरी गोळ्या झाडल्या आणि छावणीतल्या 200 हून अधिक जणांना पकडून नेलं. आदल्या रात्री ज्यांनी मार खाल्ला होता, त्यांतलेही यात होते. जागा तीच, विद्यापीठ तेच, पोलीस दलंही तीच. मनुष्यबळ जमवता येत होतं, वेळेवर आणता येत होतं, हे चोवीस तासांच्या आत सिद्ध झालं. माझ्या धंद्यात दोन घटना अशा एकमेकींशेजारी ठेवता येणं दुर्मीळ असतं.

पुढे जाण्याआधी एक सांभाळून सांगायला हवं. त्या जमावात सगळे एकाच विचाराचे होते असं नाही. बहुतेक जण स्वतःला इस्रायल-समर्थक म्हणवणारे होते. अनेक जण विद्यापीठाचे विद्यार्थी नव्हते. लॉस एंजेलिसच्या आसपास आधी समलिंगी-विरोधी निदर्शनांत हाणामारी करताना दिसलेले काही कडवे उजवे चेहरेही पत्रकारांनी चित्रफितींतून ओळखले. दोन गटांचे राजकीय विचार वेगळे, पण त्या रात्री काठी एकाच दिशेने फिरत होती. उलट बाजूने, छावणीतही ज्यू विद्यार्थी होते, आणि बाहेर असे ज्यू विद्यार्थी होते ज्यांनी ना काठी उचलली ना फटाका. छावणीच्या नाक्यांवर आपल्याला अडवलं गेलं, अशी तक्रार काही ज्यू विद्यार्थ्यांनी न्यायालयात केली आणि ऑगस्ट 2024 मध्ये संघराज्य न्यायाधीश मार्क स्कार्सी यांनी त्यांच्या बाजूने विद्यापीठाला मनाई हुकूम दिला. ती तक्रार खरी आहे आणि तिची दाद न्यायालयात लागली. तक्रारीची जागा तीच. रस्ता अडवला म्हणून कोणाचं डोकं फोडण्याचा परवाना मिळत नाही.

‘असं होतंच कसं’ याचं उत्तर बहुतेक जण पोलिसांच्या मनोवृत्तीत शोधतात. ‘बघ्याची भूमिका’ हा शब्दही तिकडेच नेतो, जणू प्रत्येक शिपायाने स्वतःहून हात बांधून उभं राहायचं ठरवलं. मनोवृत्तीचा वाटा असतो, मी नाकारत नाही. पण दाव्यांची कागदपत्रं वाचता वाचता मला दुसरी गोष्ट जास्त ठळक दिसत गेली. पोलिसांची रांग उभी असते तेव्हा त्या रांगेतल्या माणसाला ‘पुढे जा’ म्हणणारं कोणी नसतं, आणि ते नसणं आठवडाभर आधी कुठल्यातरी बैठकीत ठरून गेलेलं असतं.

यूसीएलएबाबत हे कागदावर आलं आहे. यूसीएलए ज्याचं एक आवार आहे, त्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचे तेव्हाचे अध्यक्ष मायकेल ड्रेक यांनी बाहेरच्या संस्थेकडून चौकशी करवली. ‘ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी पोलिसिंग सोल्यूशन्स’ या संस्थेचा अहवाल नोव्हेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचं सार इतकंच की निर्णय नेमका कोणी घ्यायचा हे ठरलेलं नव्हतं. प्रशासनाचे अनेक अधिकारी एकाच वेळी बैठकीत, कॅम्पस पोलिसांकडे अशा प्रसंगाची तपशीलवार योजना नाही, आणि शहर पोलीस व हायवे पेट्रोल यांच्याशी आधी बसून ठरवलेला समन्वय नाही. शेजारच्या शहरांचे पोलीस मदतीला आले, पण कोणाच्या हुकमाखाली आणि कुठलं काम करायचं, हे जागेवर ठरत राहिलं. तुम्ही कधी एखाद्या मोठ्या लग्नात आचारी, मंडपवाला आणि यजमान तिघेही ‘दुसऱ्याने सांगितलं असेल’ म्हणून थांबलेले पाहिले असतील. इथे त्या थांबण्यात मुलांची डोकी फुटत होती.

या गोंधळाला एक जुना संदर्भ आहे आणि तो समजल्याशिवाय राग चुकीच्या जागी जातो. 18 नोव्हेंबर 2011 रोजी याच कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस आवारात जमिनीवर शांतपणे बसलेल्या विद्यार्थ्यांच्या तोंडावर एका पोलिसाने जवळून मिरचीचा फवारा मारला. चित्रफीत जगभर गेली. विद्यापीठाने 21 जणांशी मिळून 10 लाख डॉलरची तडजोड केली. 2012 मध्ये विद्यापीठाने आपल्या सगळ्या आवारांसाठी सविस्तर शिफारशी तयार करवल्या. त्यांचा गाभा चांगला होता: विद्यार्थ्यांच्या निदर्शनांवर पोलीस घालणं हा शेवटचा उपाय असावा, आधी बोलणी व्हावीत. मी त्या काळात या शिफारशींचं मनापासून स्वागत केलं होतं आणि आजही करते. पण त्यांचा सगळा रोख एकाच प्रश्नावर होता: विद्यार्थ्यांपासून आवार कसं सांभाळायचं आणि विद्यार्थ्यांना पोलिसांपासून कसं वाचवायचं. तिसराच कोणी बाहेरून काठ्या घेऊन विद्यार्थ्यांवर आला तर काय करायचं, याची तयारी झालीच नाही. मग ‘पोलीस नकोत’ हे धोरण मुलांच्या संरक्षणाच्या वेळीही लागू राहिलं, आणि दुसऱ्या रात्री मुलांना उचलायच्या वेळी मात्र गळून पडलं.

यात आणखी एक धागा आहे, माझ्या मते सगळ्यात कमी बोलला गेलेला. संध्याकाळी छावणी बेकायदा ठरवली आणि रात्री हल्ला झाला. जाहीर करणाऱ्यांच्या मनात हल्ल्याला चिथावणी देण्याचा हेतू होता असं मी म्हणत नाही, तसा पुरावाही नाही. पण बाहेर दोन दिवस दबा धरून बसलेल्या माणसाच्या कानाला ती घोषणा कशी ऐकू येते याचा विचार करा. आतली मुलं आता नियमबाह्य आहेत, त्यांना हटवायचंच आहे, फक्त पोलिसांनी अजून हात घातलेला नाही. जमावाला वाटू लागतं की आपण सरकारचंच राहिलेलं काम करतो आहोत. म्हणून अशी घोषणा करायचीच असेल, तर ती करण्याच्या क्षणी कुंपणाबाहेर पुरेसे पोलीस उभे असायला हवेत. घोषणा आधी आणि बंदोबस्त नंतर, हा क्रम जिथे जिथे होतो तिथे मधल्या वेळेचा मालक जमाव असतो.

हा प्रकार अमेरिकेत नवा नाही. 8 मे 1970 रोजी न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटजवळ, फेडरल हॉलच्या पायऱ्यांवर, व्हिएतनाम युद्धाला विरोध करणारे विद्यार्थी केंट स्टेट विद्यापीठात चार दिवसांपूर्वी नॅशनल गार्डच्या गोळीबारात मेलेल्या चौघांसाठी जमले होते. बांधकाम मजुरांचे जथे हेल्मेट घालून त्यांच्यावर तुटून पडले. सुमारे 70 जण जखमी झाले, अटका झाल्या सहा. महापौर जॉन लिंडसे यांनी पोलिसांच्या निष्क्रियतेवर टीका केली. आणि तीन आठवड्यांच्या आत, 26 मे रोजी, बांधकाम कामगार संघटनांचे नेते पीटर ब्रेनन व्हाइट हाउसमध्ये अध्यक्ष निक्सन यांना हेल्मेट भेट देत होते. 1973 मध्ये ब्रेनन देशाचे कामगारमंत्री झाले. पोलीस मागे का राहिले याच्या चर्चेपेक्षा ती भेट पुढच्या जमावांना जास्त काही सांगून गेली असणार.

व्हर्जिनिया राज्यातल्या शार्लट्सव्हिलचं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं, कारण तिथे शेवटी काहीतरी घडलं. 11 ऑगस्ट 2017 च्या रात्री काही शे गोरे वर्चस्ववादी हातात पेटत्या मशाली घेऊन व्हर्जिनिया विद्यापीठाच्या हिरवळीवरून चालत निघाले. रोटुंडा या मुख्य इमारतीसमोर जेफरसन यांच्या पुतळ्याभोवती मूठभर विद्यार्थी आणि गावकरी हातात हात गुंफून उभे होते. त्यांना वेढा पडला, मशाली अंगावर आल्या, तोंडावर फवारे मारले गेले. मोर्चा निघणार याची पूर्वसूचना विद्यापीठाला मिळालेली होती. आवारात उघड्या ज्वाळा नेण्याविरुद्ध विद्यापीठाचा स्वतःचा नियम होता. एका साध्या नियमाच्या आधारे मशाली वाटेतच विझवता आल्या असत्या, पण तो कोणी वापरला नाही. विद्यापीठाच्या समितीने नंतर कबूल केलं की निदर्शनं शांततेतच होतात, या वर्षानुवर्षांच्या अनुभवाने अधिकाऱ्यांची नजर बांधली गेली होती. मला ही कबुली प्रामाणिक वाटते.

पण तिथले लोक चौकशी अहवालावर थांबले नाहीत. जखमींनी आयोजकांवर दिवाणी दावा लावला. हल्ल्याआधीची आपापसातली ऑनलाइन संभाषणं पुरावा म्हणून आली, आणि नोव्हेंबर 2021 मध्ये ज्युरीने 2.5 कोटी डॉलरहून अधिक भरपाई ठरवली. वरच्या न्यायालयांत आकडा खालीवर झाला, तरी त्या संघटनांचं कंबरडं मोडलं. फौजदारी बाजूने तर सहा वर्षं लागली. 2023 मध्ये स्थानिक सरकारी वकिलांनी पेटती वस्तू नाचवून दहशत घालण्याविरुद्धचा व्हर्जिनियाचा कायदा वापरला, आणि मशालवाल्यांपैकी काहींना तुरुंगात जावं लागलं. तो कायदा 2017 मध्येही पुस्तकात होताच.

आता ‘शिक्षा झाली का’. यूसीएलएमधली पहिली अटक हल्ल्यानंतर तीन आठवड्यांनी झाली आणि त्यानंतरही फौजदारी कारवाई बोटांवर मोजण्याइतक्यांवरच पोहोचली. दुसऱ्या रात्री पकडलेल्या विद्यार्थ्यांपैकीही बहुतेकांवर आरोप ठेवले गेले नाहीत. म्हणजे त्या अटका न्यायालयात टिकवण्यासाठी होत्या की जागा मोकळी करण्यासाठी, हे तुम्हीच ठरवा. कॅम्पस पोलीस प्रमुखांना मे महिन्यातच पदावरून हलवलं आणि वर्षअखेर ते विद्यापीठ सोडून गेले. सुरक्षेसाठी नवं वरिष्ठ पद निर्माण करून सॅक्रामेंटोच्या माजी पोलीस प्रमुखांना तिथे बसवलं. यूसीएलएचे तेव्हाचे प्रमुख, चॅन्सलर जीन ब्लॉक, यांची 23 मे रोजी अमेरिकी संसदेच्या (काँग्रेसच्या) समितीसमोर साक्ष झाली. त्याआधी प्राध्यापकांच्या सभेत त्यांच्यावरचा अविश्वास ठराव पडला आणि निषेधाच्या ठरावावर 88 विरुद्ध 88 अशी समसमान मतं पडल्याने तोही मंजूर झाला नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सगळ्या आवारांतल्या 48,000 शैक्षणिक कर्मचाऱ्यांच्या संघटनेने, यूएडब्ल्यू 4811 ने, हल्ला आणि अटका या मुद्द्यांवर संप पुकारला. न्यायालयाने तो 7 जूनला थांबवला. 2025 च्या मार्चमध्ये 35 जणांनी विद्यापीठ, पोलीस दलं आणि ओळख पटलेले हल्लेखोर यांच्यावर दावा दाखल केला.

दावा अवघड का, हे तुम्हाला स्पष्ट सांगते. सर्वसामान्य समज असा की पोलिसांनी वाचवलं नाही तर सरकार जबाबदार. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये डिशेनी खटल्यात नेमकं उलट सांगितलं: खासगी माणसाच्या हिंसेपासून वाचवण्याचं घटनात्मक बंधन सरकारवर नाही. हा निकाल आमच्या वाटेतला धोंडा आहे. अशा प्रकरणात त्यातून एक मोठी वाट फुटते. धोका सरकारनेच निर्माण केला किंवा वाढवला असेल, तर जबाबदारी येते. कॅलिफोर्निया ज्या नवव्या सर्किटमध्ये, म्हणजे संघराज्य अपील न्यायालयाच्या विभागात येते, तिथे याचं सगळ्यात उपयोगी उदाहरण कोणाचं आहे ठाऊक आहे? डोनाल्ड ट्रम्प यांच्या समर्थकांचं. जून 2016 मध्ये सॅन होजेतल्या त्यांच्या सभेनंतर पोलिसांनी बाहेर पडणाऱ्यांना एकाच दाराने काढलं, दुसऱ्या सुरक्षित वाटा बंद ठेवल्या आणि थेट चिडलेल्या विरोधी जमावाच्या तोंडी दिलं. लोकांना मार बसला. 2018 मध्ये सर्किट न्यायालयाने पोलीस अधिकाऱ्यांना कायदेशीर कवच नाकारलं. आज छावणीतल्या मुलांचे वकील तोच निकाल हातात घेऊन उभे राहू शकतात. मला या निकालाबद्दल आदर आहे तो याचसाठी. मार खाणाऱ्याचं राजकारण कुठलं हे त्यात कुठेच विचारलेलं नाही.

हल्लेखोरांवर मात्र सरळ जाता येतं. कॅलिफोर्नियाचा राल्फ नागरी हक्क कायदा वंश आणि धर्माबरोबरच राजकीय संलग्नतेमुळे झालेल्या हिंसेविरुद्धही दाद देतो. फौजदारी खटल्यात लागतो तितका कडक पुरावा दिवाणी दाव्यात लागत नाही. अडचण एकच, ओळख. तोंड झाकलेल्या माणसाचं नाव कोण सांगणार?

इथून तुमच्या मुलीचा प्रश्न सुरू होतो. कारण ओळख पटवण्याचं बरंचसं साहित्य हल्ल्याच्या वेळी जवळ उभ्या असलेल्या मुलांच्याच फोनमध्ये असतं, आणि पुढच्या दोन दिवसांत ते त्यांच्याच हातून बिघडतं.

एक प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्याच एका आवारातल्या मारहाणीनंतर, एक विद्यार्थी आणि त्याचे तीन मित्र माझ्या टेबलाभोवती बसले होते. चौघांकडे मिळून चाळीसएक क्लिप. प्रत्येकीत तोच गोंधळ, अंधार, किंचाळ्या, हलणारी जमीन. कुठली आधीची, कुठली नंतरची, कोणालाच सांगता येईना. मग एका क्लिपमध्ये फटाक्याचा पांढरा लखलखाट दिसला. तोच लखलखाट दुसऱ्या फोनमध्ये डावीकडून, तिसऱ्यात फक्त एका भिंतीवर पडलेला उजेड म्हणून. तो क्षण शून्य धरला आणि चारही फोन एका घड्याळाला लागले. फटाक्यानंतर अकरा सेकंदांनी एका माणसाचा चेहऱ्यावरचा रुमाल घसरतो, ते पहिल्या फोनमध्ये दिसत होतं. काठी कोणाच्या हातात होती, ते तिसऱ्या. दोन्ही एकत्र आल्यावर तो माणूस सापडला. चौथ्या मुलाच्या क्लिप सगळ्यात स्पष्ट होत्या, पण त्याने त्या व्हॉट्सॲपवर पाठवून मूळ फाइल जागा करायला म्हणून पुसून टाकल्या होत्या. पाठवलेल्या प्रतीत मूळ वेळेची नोंद उरलेली नव्हती. त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो.

म्हणून मुलीला सांगा: मूळ फाइल कधीही पुसायची नाही, त्याच रात्री त्याची एक प्रत दुसरीकडे ठेवायची. चित्रण करताना हात स्थिर ठेवून आधी आजूबाजूची इमारत किंवा पाटी एकदा घ्यायची, म्हणजे जागा ठरते. चेहऱ्यांइतकेच बूट, पाठपिशव्या आणि टोप्या महत्त्वाच्या, कारण माणूस रुमाल बदलतो, बूट सहसा बदलत नाही. मित्रांचे चेहरे दिसणारं चित्रण समाजमाध्यमांवर टाकायचं नाही. वकिलाकडे द्यायचं.

फवारा लागला तर डोळे भरपूर स्वच्छ पाण्याने धुवायचे, चोळायचे नाहीत, कॉन्टॅक्ट लेन्स घालून जायचंच नाही. अंगावरचे कपडे धुवायला टाकू नका. कागदी पिशवीत घालून तारीख लिहून ठेवा. प्लास्टिकमध्ये ओलसर कापडाला बुरशी येते आणि तपासणीला काही उरत नाही. मुका मार पहिल्या दिवशी दिसत नाही, तिसऱ्या-चौथ्या दिवशी काळानिळा उमटतो, त्यामुळे रोज एकाच उजेडात, शेजारी नाणं ठेवून फोटो काढायचा. डॉक्टरकडे ‘पडले’ असं सांगायचं नाही. मुली लाजून किंवा घाबरून असं सांगतात आणि ते कायमचं कागदावर राहतं.

मुदतीकडे फार लोकांचं दुर्लक्ष होतं. शहराच्या किंवा राज्याच्या पोलिसांविरुद्ध राज्याच्या कायद्याखाली इजेची भरपाई मागायची, तर सहा महिन्यांच्या आत लेखी मागणी दाखल करावी लागते. ती चुकली की दाव्याचा तो भाग बहुधा गेलाच. गंमत अशी की कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रीजंट्सना, म्हणजे नियामक मंडळाला, ही सहा महिन्यांची अट लागू होत नाही. त्यामुळे ‘अजून वेळ आहे’ असं विद्यापीठाबद्दल ऐकून मुलं शांत बसतात आणि पोलिसांविरुद्धची मुदत निघून जाते. मारहाणीच्या साध्या दाव्याला सर्वसाधारणपणे दोन वर्षं मिळतात.

आणि एक गोष्ट परदेशी विद्यार्थ्यांच्या पालकांपासून लपवणं मला बरोबर वाटत नाही. तुमची मुलगी व्हिसावर आहे. 2025 च्या मार्चमध्ये टफ्ट्स विद्यापीठातल्या एका तुर्की संशोधक विद्यार्थिनीला रस्त्यावरून साध्या वेशातल्या अधिकाऱ्यांनी ताब्यात घेतलं. तिच्यावर कुठलाही गुन्हा नव्हता. विद्यापीठाच्या वर्तमानपत्रात एका लेखाची ती सहलेखिका होती, एवढंच. न्यायालयाने पुढे तिला सोडायचा आदेश दिला, पण तोवर ती सहा आठवडे कोठडीत होती. त्यामुळे नागरिक असलेल्या मित्राला जे परवडतं ते तुमच्या मुलीला परवडेलच असं नाही. छावणी बेकायदा जाहीर झाल्यावर आत थांबायचं की बाहेर येऊन साक्षीदार म्हणून उभं राहायचं, हा निर्णय तिने आधीच, दिवसाउजेडी, स्थलांतर कायदा जाणणाऱ्या वकिलाशी एकदा बोलून घ्यावा. वकिलाचा नंबर दंडावर पक्क्या शाईने लिहावा, कारण फोन काढून घेतला जातो. अटक झालीच तर नाव सांगून बाकी प्रश्नांना ‘वकिलाशी बोलायचं आहे’ इतकंच उत्तर द्यावं, आणि वकिलाला विचारल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही करू नये.

तुमच्यासाठीही थोडं. तिचा फोन आलाच, तर तो तिकडच्या मध्यरात्री येईल. ‘तिथे गेलीसच कशाला’ हे त्या फोनवर विचारू नका, पुढे कधीतरी विचारा. लागलं कुठे आहे, सोबत कोण आहे आणि फोनमधलं काही पुसलेलं तर नाही ना, एवढं विचारा आणि तिला लिहायला बसवा: किती वाजता कुठे उभी होती, काय ऐकलं, कोण आधी पळालं. दुसऱ्या दिवशी झोपून उठल्यावर त्यातलं निम्मं आठवणार नाही.